अंगठ्याखालची जागा

बातमी कळली तेव्हा धाकटीच्या ओठांत चार टाचण्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनीच तिची लाज राखली. ओठांत टाचण्या धरलेल्या माणसाला हसता येत नाही.

समोरच्या टेबलावर कुणा गिऱ्हाइकाचा जाड कोट पसरला होता आणि ती त्याची खालची दुमड टाचत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला. उजवा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात होता.

"दादाचा अंगठा काढला," तो म्हणाला. "उजवा."

धाकटीने एक टाचणी ओठांतून काढून दुमडीत खोचली. मग दुसरी खोचली, तिसरी खोचली. चौथी खोचून होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"मुळापासून?"

"मुळापासून. रक्तात साखर होतीच. लाकडाचं कुसळ गेलं होतं अंगठ्यात, त्याने लक्ष दिलं नाही. आतल्या आत सडत गेलं."

"अरेरे," धाकटी म्हणाली. कोट बाजूला सारून ती न्हाणीघरात गेली, आतून कडी घातली, नळ पूर्ण सोडला आणि आरशातल्या बाईपुढे बोट नाचवलं.

"खबरदार," तिने त्या बाईला बजावलं. "दात दिसले तर याद राख."

पन्नाशी उलटून केस पांढरे झाले तरी ती धाकटीच होती, कारण या घरात ती धाकट्या भावाची बायको म्हणून आली होती आणि एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. अंगठा गेला तो थोरला म्हणजे तिच्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ. बापाच्या मागे सुतारकामाचा कारखाना थोरल्याकडे आला आणि धाकटा त्याच्या हाताखाली. कारखान्यात लाकूड कापायची एक चक्री करवत होती. हात आत जाऊ नये म्हणून तिच्या पात्यावर लोखंडी झाकण असे. रुंद फळी आली की ते झाकण आडवं येई आणि काम खोळंबे. थोरल्याने एके दिवशी ते काढून भिंतीला टांगून ठेवलं. धाकट्याने परत बसवू या म्हटलं, तर सगळ्या कामगारांदेखत म्हणाला, "झाकण कशाला? तू बांगड्याच भर ना!" कामगार फिदीफिदी हसले. नंतर काही दिवसांतच धाकट्याचा उजवा अंगठा भुशात जाऊन पडला.

झाकण त्याच संध्याकाळी यंत्रावर परत बसलं. आणि थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "त्याचंच लक्ष नव्हतं. यंत्रावर उभं राहिलं की लक्ष नको?" सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की पुढे सगळ्यांना तेच खरं वाटू लागलं.

अंगठा नाही म्हटल्यावर लाकूड कोरायची पटाशी धरता येईना, रंधा मारता येईना. तेव्हा थोरल्याने मोठं मन करून भावाला दुसरं काम दिलं: कामाच्या टेबलांखालच्या ढलप्या वेचायच्या आणि भुसा झाडायचा. ज्या माणसाने कोरलेल्या दारापुढे लोक थबकून उभे राहत, तो माणूस गुडघ्यांवर बसून इतरांच्या पायांमधून लाकडाचे तुकडे गोळा करू लागला. बऱ्याच दिवसांनी त्याला हत्यारांच्या मुठी करायचं काम मिळालं. धाकटीने त्याच्या तळहाताला बसेल असा चामड्याचा पट्टा शिवून दिला. त्यात कानस अडकवून तो मुठी घडवी, पॉलिश पेपरने घासी, तेल पाजी. घरातल्या सुरीची, इस्त्रीची, धाकटीच्या शिवणयंत्राची मूठ त्यानेच केली होती. धरली की सोडू नये असं वाटायचं.

एवढं होऊन तो एका शब्दाने कधी भावाला बोलला नाही. धाकटीने आकाशपाताळ एक केलं, तर म्हणाला, "जाऊ दे." लोक त्याला देवमाणूस म्हणत. धाकटीच्या मते तो मूग गिळून बसलेला माणूस होता, आणि हे मत तिने त्याच्यापासून लपवलं नव्हतं.

धाकटीचा पिंड वेगळा होता. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत, आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं की जुनं हिब्रू शास्त्र उघडून मुलांना वाचून दाखवत. मध्येच कुणी आलं तर पानांत अंगठा घालून पुस्तक मिटून धरत. त्या शास्त्रातला देव चोख होता. डोळा घेतलास तर डोळा दे, दात घेतलास तर दात दे, खड्डा खणलास तर तूच पड. त्यात एका राजाची गोष्ट होती. त्याने सत्तर राजांचे हातापायांचे अंगठे तोडले होते आणि त्यांना आपल्या मेजाखाली पडलेलं उष्टं वेचायला बसवलं होतं. पुढे तो लढाईत हरला, पळाला, सापडला. पकडणाऱ्यांनी त्याचेही अंगठे तोडले. तेव्हा तो राजा म्हणाला की मी जसं केलं तसंच देवाने माझं केलं.

लहानपणी धाकटीला त्या गोष्टीत अंगठ्यांपेक्षा ते शेवटचं वाक्य आवडे. शिक्षा काय, कुणालाही होते. पाय घसरून पडलेल्यालाही होते. पण ज्याला झाली त्याने ती आपली म्हणून उचलली, तर ती खरी. म्हणून नवरा गुडघ्यांना भुसा लावून घरी येऊ लागला तेव्हापासून तिची प्रार्थना ठरलेली होती: देवा, अंगठ्याला अंगठा दे, आणि ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकव. दुसरं तिने काही मागितलं नाही. मूल झालं नाही, त्याबद्दलही तिने देवाकडे तोंड वेंगाडलं नाही. एकच मागायचं असेल तर नीट मागावं, असा तिचा हिशेब.

देवाच्या काठीला आवाज नसतो. काठी बसली होती, आणि नेमकी जागेवर बसली होती. पण त्याच शास्त्रात आणखी एक गोष्ट होती, आणि आता तीच धाकटीच्या घशात अडकली होती.

वैरी पडला तर हसू नये, वडील सांगत. मनातल्या मनातसुद्धा हसू नये. देव वरून बघत असतो. त्याला ते आवडत नाही, आणि मग तो आपला राग त्या वैऱ्यावरून काढून घेतो.

"मग तो राग जातो कुठे?" लहानग्या धाकटीने विचारलं होतं.

वडिलांनी चष्मा काढून पुसला होता. "तेवढं लिहिलेलं नाही, बाळ. पण राग काही हवेत विरत नाही."

म्हणून नळ बंद करून, तोंडावर पाणी मारून, चेहरा लांबट करून धाकटी बाहेर आली आणि तिने डबा भरायला घेतला. गरम सूप, पाव, उकडलेली अंडी. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, त्याने त्याच्याच डोक्यावर निखारे रचले जातात, हेही वडिलांनी सांगितलं होतं. निखारे रचायचेच तर सढळ हाताने रचावेत.

थोरला इस्पितळातून घरी आला, आणि धाकटी रोज दुपारी तिथे जाऊ लागली. ती त्याला चमच्याने सूप भरवी, रुमालाने हनुवटी पुसून देई. उशी सारखी करायलाही तीच पुढे होई. थोरली जाऊ पाहत राही आणि पदराने डोळे टिपी.

"तू म्हणून करतेस गं," ती एकदा म्हणाली. "दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं."

"छे, ताई! असं कसं म्हणेल कुणी?"

"माणसं काय गं, काहीही म्हणतात."

"त्यांच्या जिभेला हाड नसतं," धाकटी म्हणाली आणि चमचा नीट पुसून ठेवला.

खरी कसोटी शर्टाच्या गुंड्यांची होती. चार कामगारांना एका नजरेने गप्प करणारा थोरला एका गुंडीशी झटापट करायचा. गुंडी काजाच्या तोंडाशी यायची आणि निसटायची. पुन्हा यायची, पुन्हा निसटायची. त्याच्या मानेवरची शीर फुगायची. धाकटीला तेव्हा असं हसू उसळायचं की तिला खिडकीकडे तोंड करावं लागे. अशा वेळी ती वडिलांचं मरण आठवायची. त्यांची शेवटची खोकल्याची उबळ, टेबलावर तशीच उघडी राहिलेली घड्याळं. ते काही दिवस पुरलं. मग वापरून वापरून तेही झिजलं, आणि तिला लहानपणी गाडीखाली सापडलेल्या मांजरापर्यंत मागे जावं लागलं. दुःखाचा एवढा तुटवडा तिला आयुष्यात कधी जाणवला नव्हता.

आणि ते वाक्य काही येईना. थोरला साखरेला बोल लावी, डॉक्टरांना लावी, हल्लीच्या लाकडाला लावी. "पूर्वीचं लाकूड असं कुसळं सोडायचं नाही," तो म्हणे. धाकटी कान टवकारून बसे आणि रिकाम्या डब्यासह परत येई.

त्यात भर म्हणजे नवरा. कारखाना बंद झाला की तो रोज दादाकडे जाऊन बसे. एका संध्याकाळी धाकटी विसरलेला डबा आणायला गेली तेव्हा दोघे भाऊ पलंगावर शेजारी बसलेले होते. नवऱ्याने खिशातला हात बाहेर काढला होता. परक्या खोलीत तो हा हात कधी बाहेर काढत नसे.

"अंगठा आहे असं समजून करतोस, म्हणून निसटते," तो सांगत होता. "तो गेला. त्याची वाट बघू नकोस. हे बोट आणि हे बोट. कात्रीसारखं. हां. आता ओढ."

गुंडी काजातून पार झाली. थोरल्याने ती पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर घाम होता.

घरी आल्यावर धाकटीने ताट जरा जोरातच आदळलं.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो? ढलप्या वेचायला लावल्या त्याने तुम्हाला. आता देवाने तुमच्या वतीने एवढं केलं, तर तुम्ही त्याला गुंड्या शिकवताय!"

"देवाने?" तो म्हणाला. त्याने दोन घास खाल्ले होते. ताट त्याने हळूच पुढे सरकवलं. "जाऊ दे."

तो हल्ली असाच अर्ध्यावरून उठे. भावाच्या दुःखाने याचं अन्न तुटलं, असं म्हणून धाकटी चरफडली आणि उरलेलं स्वतः खाल्लं. नासाडी तिला खपत नसे.

शेवटी तिने स्वतःच विषय काढायचं ठरवलं. थोरली बाजारात गेली होती. थोरला खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, बांधलेला हात मांडीवर ठेवून. खाली रस्त्यावर कुणीतरी कपाट हातगाडीवर चढवत होतं आणि तो त्यांची चूक कुठे होतेय ते बघत होता.

"भाऊजी, एक गोष्ट सांगू? तेवढाच वेळ जाईल."

"सांग की."

तिने राजाची गोष्ट सांगितली. घाई न करता सांगितली, सत्तर राजांसकट, मेजाखालच्या उष्ट्यासकट. शेवटचं वाक्य सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या मांडीवरच्या पट्टीकडे पाहिलं.

थोरल्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. हातगाडी निघून गेली.

"त्या राजाचे अंगठे तोडले कुणी?" त्याने विचारलं.

"कुणी म्हणजे? ज्यांनी पकडलं त्यांनी. माणसांनीच."

"आणि तो म्हणाला, देवाने."

"हो."

"हुशार होता राजा." थोरला किंचित हसला. मग त्याने एकदम वेगळंच विचारलं. "तुझ्या शिवणयंत्राची मूठ त्याने केलेली आहे ना? कशी आहे?"

"लोण्यासारखी," धाकटी म्हणाली. नवऱ्याला ती कितीही बोलली तरी त्याच्या कामाबद्दल वावगं ऐकून घेत नसे. "इतकी वर्षं झाली. एक ओरखडा नाही. लहान मुलाच्या हातात द्यावी."

"असणारच. त्याचा हातच तसा. त्याच्या हातून खडबडीत राहील कसं?" त्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. "माणूस पडून राहिला ना, की त्याला सगळं आठवतं बघ. झाकण मी काढलं होतं. तो नको म्हणत होता, मी त्याचं चारचौघांत हसं केलं. आणि वर लोकांना सांगत सुटलो की त्याचं लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष होतं. त्याचं नेहमीच लक्ष असतं." तो थांबला. "मी जसं केलं, तसं मला मिळालं. बस. यात कुणाला बोल नाही."

धाकटीच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिने डब्यावर ठेवलं, ते बसलं नाही, पुन्हा ठेवलं. आत कुठेतरी घंटा वाजू लागल्या होत्या. एवढी वर्षं मागितलं ते असं दुपारच्या उन्हात, साध्या आवाजात तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं, आणि तिला जमिनीकडे बघत बसायचं होतं. मांजर आठवेना. वडील आठवेनात.

"त्या कपाटात खालच्या खणात फडक्यात एक पटाशी आहे," थोरला म्हणाला. "ती घे. माझी रोजची. मूठ त्याच्या हातची आहे. त्याला दे आणि म्हणावं, फिट्टंफाट झाली."

"फिट्टंफाट," धाकटी म्हणाली.

"तेवढंच सांग. त्याला कळेल. आणि हे बघ, फडक्यातच राहू दे ती. धार आहे."

धाकटी जिना उतरून रस्त्यावर आली. कोपऱ्यापर्यंत तिने चेहरा सांभाळला. कोपरा वळल्यावर एका बाजूला बंद गोदामाची लांब भिंत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि तिथे तिचा बांध फुटला. ती भिंतीला टेकून हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अंगठ्याला अंगठा, आणि वर वाक्यसुद्धा! फिट्टंफाट! थोरल्याने आपली रोजची पटाशी धाकट्याला पाठवली होती, म्हणजे अख्खा कारखाना त्याच्या पायाशी आणून ठेवल्यासारखं होतं. तिने फडकं सोडलं. पटाशी सुतार धरतात तशी धरली, मुठीवर अंगठा दाबून, आणि हवेत एक वार केला, त्या राजाच्या, त्या कामगारांच्या, त्या सगळ्या फिदीफिदीच्या नावाने.

अंगठ्यात काहीतरी टचकन घुसलं.

"आई गं!"

हसणं तिथेच थांबलं. अंगठ्याच्या पेरात एक बारीक काळी रेघ दिसत होती आणि तिच्या तोंडाशी रक्ताचा थेंब जमत होता. धाकटीने अंगठा तोंडात धरला. मग तिची नजर आपोआप वर गेली. वर नुसतं आकाश होतं, पांढरट, उन्हाचं. तिने पटाशी घाईघाईने फडक्यात गुंडाळली आणि ती भराभर चालू लागली.

नवरा आज लवकर आला होता. दारातल्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा जोडत होता.

"म्हणाले," धाकटीने दारातूनच सांगितलं. तिचा आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही. "भाऊजी म्हणाले. झाकण मी काढलं होतं. त्याचं लक्ष होतं, मी खोटं बोललो. मी जसं केलं तसं मला मिळालं. स्वतःच्या तोंडाने म्हणाले!"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आश्चर्यही नव्हतं.

"आणि?"

"आणि ही दिली. त्यांची रोजची पटाशी. म्हणाले, त्याला सांग, फिट्टंफाट झाली. त्याला कळेल म्हणाले."

तिने पुढे केलेल्या फडक्याकडे त्याने पाहिलं. मग फडक्यावर पडलेल्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. मग तिच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"मूठ धरलीस?"

कशाने लागलं, असं त्याने विचारलं नाही. ते धाकटीच्या नंतर ध्यानात आलं.

"सहज धरली. एवढंसं कुसळ आहे हो."

"एवढंसंच असतं." तो उठला. चप्पल तशीच पडली. "चल, हात धू. साबणाने. तसा नाही, पुन्हा धू. सुई कुठे आहे तुझी?"

त्याने सुई आचेवर लाल होईपर्यंत धरली, निवू दिली. दिव्याखाली तिचा अंगठा आपल्या दोन बोटांच्या कात्रीत पकडला. त्याची बोटं गार पडली होती. इतक्या वर्षांत त्याने तिचा हात इतका घट्ट कधी धरला नव्हता. कातडी उचकटली, कुसळ वर आलं, त्याने ते दातांनी ओढलं आणि तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिलं, पूर्ण आलं की तुटलं ते. पूर्ण आलं होतं.

"डॉक्टरकडे जाऊ या," तो म्हणाला.

"कुसळासाठी?"

"उद्या सकाळी जाऊ या."

त्याने अंगठ्याला औषध लावलं, स्वच्छ कापड गुंडाळलं, गाठ मारायला दात लावले. मग पटाशीचं फडकं सोडलं. फळीवरून पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, हाताला चामड्याचा पट्टा चढवला आणि पायरीवर जाऊन बसला.

धाकटी आपल्या टेबलाशी येऊन बसली. इथून तो दिसत होता. पटाशी त्याने पात्याकडून मांडीत दाबून धरली होती. मूठ सुरेख होती, मधाच्या रंगाची, तेल पिऊन चकाकणारी. नवी मूठ घासताना तो आधी तिच्यावरून हात फिरवी. डोळे मिटून, वरून खाली, चहूबाजूंनी, कुठे काय राहिलंय ते शोधत. धाकटीने हे शेकडो संध्याकाळी पाहिलं होतं. सुरीच्या मुठीला पाहिलं होतं, इस्त्रीच्या मुठीला पाहिलं होतं. तिचा डावा हात नकळत शिवणयंत्राच्या मुठीवर गेला. ती लोण्यासारखीच होती.

आज त्याने हात फिरवला नाही. डोळेही मिटले नाहीत. पॉलिश पेपर सरळ गेला तो अंगठ्याखालच्या जागेवर, बोटाच्या पेराएवढ्या, जिथे लाकडाचे तंतू उलटे उभे होते. आणि तो तेवढीच जागा घासू लागला. ती त्याला शोधावी लागली नाही.

खर्र, खर्र, असा आवाज येत राहिला. भुसा त्याच्या गुडघ्यांवर पडत होता.

थोरल्याच्या हत्यारांच्या मुठी दरवर्षी फुटत. दरवर्षी हाच नव्या करून देई. "पूर्वीचं लाकूड असं कुसळं सोडायचं नाही," थोरला म्हणे.

"अहो," धाकटी म्हणाली.

"हं."

"अशा किती मुठी?"

खर्र थांबलं. त्याने मुठीवर फुंकर मारली, राहिलेल्या बोटांनी ती जागा एकदा चाचपली आणि पेपर उलटा करून पुन्हा घासायला घेतलं.

"जाऊ दे," तो म्हणाला.

धाकटीने शिवायला आलेला दुसरा एक कोट पुढे ओढला. त्याची दुमड अजून टाचायची राहिली होती आणि गिऱ्हाईक उद्या येणार होतं. तिने डबीतून टाचण्या घेतल्या आणि सवयीने ओठांत धरल्या. आज हसू दाबायचं नव्हतं, तरीही टाचण्या ओठांत थरथरत होत्या. कापडाखाली अंगठा ठसठसू लागला होता.